पंखसर्प नामकरण नियमावली (मसुदा)

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. आर्णी.

पंचायत समितीच्या आस्थापना टेबलावर तेहतीस वर्षं काढून मी मार्चमध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून या डायरीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. आज घडलं.

सूनबाई जया हिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे. सहावा महिना चालू आहे. मुलगा रवी वणीला नोकरीवर, तो रविवारी येतो. पडल्यापडल्या माणसानं चार चांगली पुस्तकं वाचावीत, म्हणून मी कपाटातले तीन जाडजूड ग्रंथ काढून तिच्या उशाशी ठेवले. तिनं त्यांना मोबाईल टेकवून ठेवला. बरोबर उंची झाली म्हणते.

मोबाईलवर ती ‘ज्वालाद्वीप’ नावाचा खेळ खेळते. त्यात ड्रॅगन पाळायचे. अंडं घरट्यात ठेवायचं, काही दिवसांनी ते फुटतं, पिल्लू निघतं, मोठं होऊन उडतं, लढतं. काही अंडी फुटतच नाहीत. त्याला ‘थंड पडलं’ म्हणतात. तिची अकरा जणांची टोळी आहे, सगळे इकडचेच. टोळीची प्रमुख बोरी अरबची प्रेरणा, वय वर्षे बावीस.

आज जया म्हणाली, “बाबा, तुमी आफिसातल्यासारखं एक लिहून द्यान का?”

भानगड अशी की खेळाच्या कंपनीनं प्रत्येक टोळीकडून नियम मागवले आहेत. तुमच्या ड्रॅगनांची नावं कोण ठेवतो, कधी ठेवतो, कशी ठेवतो. पंधरा डिसेंबरच्या आत नियम गेले नाहीत तर त्या टोळीचे सगळे ड्रॅगन बेनाम ठरणार आणि लढाईतून बाद.

तेहतीस वर्षं लोकांच्या नावातल्या चुका दुरुस्त करण्यात गेली. मी म्हटलं, देतो की. फक्त ‘ड्रॅगन’ हा शब्द मला पसंत नाही. ‘पंखसर्प’ असा शब्द मी योजला आहे.

५ नोव्हेंबर

मसुदा तयार. कलम एक, व्याख्या. कलम दोन, नाव भारदस्त असावे. कलम तीन, कचरा, माती, राख, शेण इत्यादी टाकाऊ वस्तूंवरून ठेवलेली नावे नामंजूर.

कलम तीनबाबत मी तडजोड करणार नाही. माझ्या वडिलांचं नाव उकंडा. म्हणजे उकिरडा. त्यांच्या आधीची तीन लेकरं जगली नाहीत, म्हणून आजीनं हे चौथं जन्मल्याबरोबर उकंड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिलं. टाकलेल्या वस्तूकडे कोणाचं लक्ष जात नाही, अशी समजूत. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातलं सगळं जुनं टाकलं, पण हे नाव अंगाला चिकटलेलंच राहिलं. मला मात्र त्यांनी धम्मपाल ठेवलं आणि सांगितलं, “आता आपल्या घरात कचऱ्याचं नाव नाही.” वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले. त्याचं कारण रोजचं पायी चालणं.

कलम चार. कंपनीच्या तक्त्यात ‘अंड्याचे नाव’ असा रकाना आहे. त्याला अनुसरून : अंडे घरट्यात ठेवल्याच्या दिवशीच त्यास नाव द्यावे व सर्वांस कळवावे. कागद आधी तयार असला की ऐनवेळी धावपळ होत नाही.

जयानं वाचलं. म्हणाली, “कलम चार नको.”

“काहून?”

“नको म्हनलं ना, बाबा.” आणि भिंतीकडे तोंड करून पडली. या दिवसांत स्वभाव चिडका होतो. चालायचंच.

८ नोव्हेंबर

प्रेरणानं मला रीतसर ‘नाव-तपासनीस’ नेमलं. ग्रुपवर सर्वांनी फुलं पाठवली. लगेच कामाला लागलो. आर्णीच्याच विक्कीचं ‘वज्रनेत्र’ मंजूर केलं. पोरगा हुशार दिसतो.

जयाची नऊ पिल्लं. नावं अशी : कचरी, चिंधी, राखुंडी, खराटा, फुटकी, शेणी, धोंडा, भुसा, लक्तर. वाचून माझं डोकंच सणकलं. शिकलेली पोरगी, बी.कॉम. झालेली! नऊच्या नऊ नामंजूर केली, प्रत्येकापुढं कारण लिहिलं. पलीकडच्या खोलीतून तिचं एका ओळीचं उत्तर आलं, “नावं बदलणार नाही.”

मग प्रेरणाचा फोन. “काका, असू द्या ना जी. जयाताईचं एकबी अंडं आतापावेतो थंडं पडलं नाही. आमचे किती गेले.”

मी तिला योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं लागली.

११ नोव्हेंबर

आज बाजारात बाबुलाल भांडेवाल्याकडे गेलो. येणाऱ्या बाळासाठी वाटी-चमचा घेतला आणि नाव कोरायला टाकलं. ‘प्रज्ञादीप’. मुलगा असो की मुलगी, दोन्हीला चालतं. मागचे अनुभव लक्षात घेऊन ही काळजी घेतली आहे. पहिल्या खेपेला ‘सम्राट’ कोरून घेतलं होतं, दुसऱ्या खेपेला ‘संघमित्रा’. पहिलं सहाव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्या. मी दोन्ही वेळा रडलो नाही. घरात एकानं तरी ठाम राहावं लागतं.

बाबुलालचं कोरणं मात्र अजून सुरेख आहे. त्या दोन वाट्या कुठं गेल्या कोण जाणे. दह्याला बऱ्या होत्या. बेबीला (सौ.) विचारलं तर कणीक मळता मळता उठून बाहेर गेली.

नाव घरी सांगितलेलं नाही. ऐनवेळी गंमत करू. विहारात दोघांना, निवृत्त गुरुजी किसनसिंग यांना आणि बाबुलालला, एवढ्यांनाच ठाऊक आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

नियम करणाऱ्याला अनुभव हवा, म्हणून मीही एक अंडं घरट्यात ठेवलं. कलम चारनुसार त्याच दिवशी नाव दिलं : ‘महाप्रतापसूर्य’. ग्रुपवर कळवलं. अकराही जणांचं अभिनंदन आलं. रवी आला होता. “बाबा, तुमी बी लागले का याच्या नादी?” म्हणून हसला. मी त्याला सांगितलं की हे नाद नाही, प्रशासन आहे.

२० नोव्हेंबर

सकाळी मोबाईल उघडला तर अंडं करडं झालेलं. थंड पडलं.

खेळ आहे. चित्र आहे. तरी जेवण गेलं नाही हे खरं. ताट सारलं तेव्हा बेबीनं कपाळाला हात लावून पाहिला.

आणि ग्रुपवरच्या पोरांना काही पोच नाही! विक्की विचारतो, “काका, महाप्रताप कसा हाये?” दुसरा विचारतो, “उडाला का जी महाप्रताप?” एकाला उत्तर द्यावं तर तिसरा हजर. दुपारपर्यंत नऊ वेळा लिहिलं की अंडं गेलं. नवव्यांदा तर मोबाईल फेकावासा वाटला. असं पुन्हा पुन्हा विचारण्यात लोकांना काय मिळतं?

जयानं खोलीत बोलावलं. “बाबा, बसा.” मी खुर्ची ओढून बसलो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, “नाव सगळ्याईले सांगतलं होतं ना?”

“नियमच आहे तसा.”

“हो,” म्हणाली. “इचारतेत लोकं. थोडे दिवस लय इचारतेत. मंग थांबतेत.”

सहनशील पोरगी आहे. एका खेळातल्या अंड्यासाठी माझी एवढी समजूत काढली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज घरात महाभारत झालं.

बेबी बाजारात गेली होती. बाबुलालनं तिला हाक मारून, “वहिनी, प्रज्ञादीपची वाटी तयार हाये,” म्हणत वाटी-चमचा हातात दिला. तिनं तो सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीखाली लपवून घरी आणला, मला गच्चीवर नेलं आणि दार लावून घेतलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी अशी बोलली नव्हती.

“अजी, आधीच्या दोन वाट्या कुठं हायेत, ठाव हाये तुमाले? जयाच्या ट्रंकीत. साडीत गुंडाळून ठेवल्या तिनं. तुमी मले इचारता, दही कायच्यात लावू!”

मी म्हटलं, मला काय माहीत.

“तुमाले कायचं माहीत राहते! दोन डाव गावभर नाव वाटून आले तुमी. तुमी आफिसात जाऊन बसले. ही भाजीले गेली का बाया इचारे, ‘काय वं जया, सम्राट कसा हाये?’ लेकरू गेलं हे मानसाले एक डाव सांगा लागते. तिले पन्नास डाव सांगा लागलं. नाव घेऊ घेऊ. नाव नसतं त कोनं इचारलं असतं?” मग पदर डोळ्याला लावून, “पोरगी आठ-आठ दिवस दाराबाहेर नाई पडे. तुमाले वाटे, आळशी हाये.”

मी खाली आलो आणि तीन पानांचा खुलासा लिहिला. मुद्दा क्रमांक एक, हेतू चांगला होता. मुद्दा क्रमांक दोन, वैद्यकीय कारणांचा नावाशी संबंध नाही. मुद्दा क्रमांक तीनला आलो आणि ‘महाप्रताप कसा हाये’ आठवलं. नऊच वेळा सांगावं लागलं होतं मला. तेही एका चित्राबद्दल.

पानं फाडली.

२४ नोव्हेंबर

नाव परत घ्यायला निघालो. दिलेलं नाव परत कसं घ्यायचं याचा कुठलाही शासन निर्णय नाही.

बाबुलाल म्हणाला, “साहेब, कोरलेलं पुसत नसते. वरून ठिपके मारून फूल करून देतो.” दिलं करून. फूल थोडं गोबीसारखं झालं, पण नाव वाचता येत नाही.

विहारातल्या दोघांना म्हटलं, ते नाव विसरून जा. एक म्हणाला, “कोनतं नाव?” त्याच्या लक्षातच नव्हतं. इतकं बरं वाटलं!

किसनसिंग गुरुजींकडे मात्र पंचाईत झाली. मी म्हटलं, “गुरुजी, ते प्रज्ञादीप नाव सांगितलं होतं ना, ते परत घेतो.” गुरुजींचा चेहराच उतरला. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट झालं, धम्मपालजी. तिसऱ्यांदा.” आतून त्यांची बायको डोळे पुसत आली. मी ओरडलो, “अहो, सगळं ठीक आहे! फक्त नाव नाही!” पण ओरडता ओरडता मी दारातच खाली बसलो. त्या दोघांनी मला पाणी पाजलं.

घरी आलो तो आधी जयाच्या खोलीत डोकावलो. भिंतीला टेकून संत्रं सोलत होती. “काय पाह्यता, बाबा?” म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, पंखा चालू आहे का ते पाहतो. नोव्हेंबरात.

२ डिसेंबर

कलम चार सुधारित : अंड्यास नाव देऊ नये. पिल्लू बाहेर येऊन स्वतः श्वास घेईपर्यंत कोणीही, विशेषतः घरातील ज्येष्ठ व्यक्तीने, नाव सुचवू नये, जाहीर करू नये, अथवा कोणत्याही वस्तूवर कोरू नये.

जयानं दोनदा वाचलं. “कोरू नये कायले, बाबा? ड्रॅगनापाशी भांडे राह्यतेत का?”

“भविष्यात राहू शकतात,” मी म्हणालो. “नियम करताना पुढचं पाहावं लागतं.”

ती हसली. पोट धरून हसली, मग घाबरून पोटावरचा हात तसाच ठेवून शांत झाली. मी या घरात तिचं हसणं किती महिन्यांत ऐकलं नव्हतं, ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

मग म्हणाली, “आन कलम तीन? माह्या कचरी-चिंधीचं काय?”

मी तिला वडिलांचं सगळं सांगितलं. तलाठी यादी वाचताना ‘उकंडा’ म्हणायचा आणि मागची माणसं हसायची, तेही. लढून मिळवलेलं चांगलं नाव आहे आपलं, असं कसं कोणी आपणहून शेणी ठेवतं? तिनं मन लावून ऐकलं. “बाबा, लोकाईनं ठेवलं त अपमान हाये,” ती म्हणाली. “पन आजीनं कायले ठेवलं होतं? तिले त ते लेकरू पाह्यजेच होतं ना.”

मी विचारासाठी वेळ घेतला.

६ डिसेंबर

विहारात वंदनेला गेलो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, सगळे शांत बसलेले. माझं मन मात्र आजीकडे. तीन पुरून चौथं उकंड्यावर ठेवताना बाईचे हात कसे झाले असतील? वडिलांना हे मी कधी विचारलं नाही. त्यांचं नाव मी फॉर्मवर लिहिताना सुद्धा घाईत लिहायचो.

परत येऊन कलम तीनमध्ये भर घातली : तथापि, पालकास भीती वाटत असल्यास टाकाऊ वस्तूचे नाव तात्पुरते चालेल. अंधश्रद्धा मला मान्य नाही. भीतीची नोंद घ्यायला हरकत नाही. जयाची नऊही नावं मंजूर केली.

नियमावली पाठवली. प्रेरणानं इंग्रजी केलं.

१७ डिसेंबर

कंपनीचं पत्र. नियमावली मंजूर! शेरा असा : “अंड्याला नाव न देण्याची तुमची कल्पना अत्यंत मौलिक आहे. तुमच्या टोळीची कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे.” ग्रुपवर जल्लोष. विक्कीनं मला ‘महागुरू’ म्हटलं.

जयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हो का.” सातवा महिना संपत आला आहे. घरात तीन दिवसांपासून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

१९ डिसेंबर

माझं दुसरं अंडं फुटलं. ते ठेवल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पिल्लू तांबूस आहे, एक पंख जरा वाकडा. नाव ‘उकंडा’ ठेवलं. केवळ प्रयोग म्हणून.

५ जानेवारी २०२६

सकाळी सात वाजता जयाला कळा. दिवस भरलेले नाहीत, अजून सहा आठवडे होते. शेजारच्यांची गाडी काढून यवतमाळला आणलं. वाटेत बेबी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जया एकच म्हणत होती, “कोनाले फोन नका करू. बाबा, कोनाले नका सांगू.” मी मोबाईल बंद करून गाडीच्या खणात टाकला. रवीला कळवायचं राहून गेलं. त्याला दवाखान्यातून कळवलं, तो फोनवर माझ्यावर ओरडला. बरोबर होतं त्याचं.

६ जानेवारी

मुलगी. ऑपरेशन करावं लागलं. एक किलो सातशे. रडली. मी दाराबाहेर होतो, स्वतःच्या कानानं ऐकलं. मग मी पण रडलो, सगळ्यांसमोर, बाकड्यावर बसून. बेबी म्हणाली, “आता कायले?” मी म्हटलं, आधीचे दोन राहिले होते.

काचेच्या पेटीत ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस लक्ष ठेवावं लागेल. पेटीवर चिठ्ठी : ‘जयाचे बाळ’.

९ जानेवारी

जन्माची नोंद करायला गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, “बाळाचं नाव?” मी म्हटलं, रकाना कोरा ठेवा. “नाव टाकून टाका ना काका, पुन्हा चक्कर कायले?” मी त्याला सांगितलं, नोंद नावाशिवाय होते, नाव नंतर भरता येतं, नियम वाचून घ्या. हा नियम मी तेहतीस वर्षं लोकांना सांगितला. तो कोणासाठी असतो हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

१४ जानेवारी

वजन चाळीस ग्रॅमनं वाढलं. डॉक्टर आज पहिल्यांदा “घरी नेताना” असं बोलले. बेबीनं तो शब्द तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतला.

दुपारी जयाजवळ बसलो होतो. ती म्हणाली, “बाबा, आता सांगा. यादी असंनच तुमच्यापाशी.”

“कसली यादी?”

“नावाची.”

मी म्हटलं, नाही. खरंच नाही. होती ती फाडली. नाव तूच ठेव.

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “मले एकबी नाव येत नाही, बाबा. आठ महिने एकबी नाव मनात येऊ देलं नाही मी. आलं का मोबाईल उघडो आन एखांद्या पिल्लाले कचरी म्हनो, चिंधी म्हनो. नऊ डाव नाव आलं होतं. आता खरंखुरं लेकरू हाये त काही सुचूनच नाही राह्यलं.”

आयुष्यभर सगळ्या पत्रांना मी उलटटपाली उत्तरं दिली. इथं आधी तिचं डोकं जवळ घेतलं. मग म्हटलं, घाई नाही बेटा. वर्षभर रकाना कोरा राहू शकतो.

संध्याकाळी आजोबांना पाच मिनिटं आत सोडतात. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी. पेटीत एवढंसं लेकरू, नाकाला नळी, छाती भराभर वर-खाली होते. परिचारिका म्हणाली, “बोला ना आजोबा. आवाज वळखतेत ते.”

बोलायला तोंड उघडलं आणि अडलो. हाक काय मारावी? बाईसाहेब म्हणून पाहिलं, बरं वाटेना. परिचारिका घड्याळ पाहत होती.

मग मी काचेजवळ वाकलो आणि माझंच नाव सांगितलं. “मी धम्मपाल. तुह्या बापाचा बाप.” तिनं मूठ उघडली आणि मिटली. पुढं घरी कोण कोण आहे ते एकेक करून सांगत राहिलो, पाच मिनिटं संपेपर्यंत.